मागून घ्यावं, की घेऊन मागावं?



मागच्या महिन्यात आपल्या एका ताईंनी ग्रुपवर विचारलं होतं, "घराला एक खोली वाढवायची आहे, पण मार्जिनमध्ये तीन फूट जातात. सगळेच करतात. आपण केलं तर चुकलं का?" बऱ्याच जणांनी लगेच उत्तर दिलं, "काही नाही हो, बांधून घ्या, पुढे फी भरून नियमित होतं." मीही तेच टाइप करत होते. अर्ध्यात थांबले आणि पुसून टाकलं. का, ते आज सांगते.

इंदूर-बेळगावकडच्या मंडळींसाठी आधी एक सांगायला हवं. घराची भिंत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते, तिला आम्ही बडोद्यात 'मार्जिन' म्हणतो. उजेड, वारा, पावसाच्या पाण्याला वाट, आणि वेळ आली तर बंबवाल्यांना आत शिरायला जागा, यासाठी ती असते. म्हणजे जमीन आपली, सातबारा-दस्त आपल्या नावाचा, पण त्या पट्ट्याचा उपयोग सगळ्यांचा.

मागच्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला होतो. यांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून मुलाला खालच्या मजल्यावर एक खोली आणि बाथरूम वाढवायचं होतं. त्याचा प्लॉट पुढे रुंद आणि मागे निमुळता, आपण व्याघ्रमुखी म्हणतो तसा. खोली काढली की बाजूच्या हद्दीपासून नियमाने सोडायच्या जागेत तीन फूट घुसत होती. तिथे अशा वेळी गावातल्या झोनिंग बोर्डाकडे सवलत मागायची असते, आणि ती बांधायच्या आधी. न्यू जर्सीच्या 1975 सालच्या कायद्याप्रमाणे 200 फुटांच्या आतल्या प्रत्येक घरमालकाला सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती जाहीरही करावी लागते. मग शेजारी येऊन सगळ्यांसमोर आपलं म्हणणं मांडू शकतात.

मुलाच्या आर्किटेक्टने आदल्या दिवशी सांगितलं, "बाबांच्या गुडघ्यांवर जोर देऊ नका. बोर्ड माणसाची अडचण बघत नाही, जमिनीची अडचण बघतं. प्लॉट निमुळता आहे, हे सांगा."

मला फार लागलं ते. म्हाताऱ्या बापाच्या दुखण्यापेक्षा जमिनीचा आकार मोठा? हा कसला न्याय? रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. पहाटे नामस्मरणाला बसले तरी मनात तेच. मग हळूहळू उलगडत गेलं. तिथे दिलेली सवलत जमिनीबरोबर राहते. उद्या मुलाने घर विकलं तरी ती भिंत तिथेच उभी. आमचे गुडघे आणखी दहा वर्षं, फार तर पंधरा. शेजाऱ्याच्या वाट्याला आलेली सावली मात्र घर आहे तोवर. जाणाऱ्या दुःखासाठी राहणारी भिंत मागायची, तर निदान एवढं तरी दाखवायला हवं की अडचण खरोखर त्या जागेतच आहे, आपल्या हौसेत नाही. शिवाय दुखणं कोणाच्या घरात नाही? ज्याला रडून सांगता येतं त्याला खोली मिळाली आणि मुकाट सोसणाऱ्याला नाही मिळाली, तर तोही न्याय नव्हेच.

सुनावणीला शेजारचे गृहस्थ आले. शपथ घेऊन शांतपणे म्हणाले, "यांच्या आईवडिलांना खोली हवी, हे मला समजतं. पण छपराचं पाणी माझ्या अंगणात येईल, आणि यांची खिडकी थेट माझ्या झोपायच्या खोलीसमोर येते." रागावणं नाही, आरडाओरडा नाही. बोर्डाने सवलत दिली, पण खोली दीड फूट कमी करून, खिडकी मागच्या बाजूला घेऊन, आणि छपराचं पाणी आपल्याच आवारात जिरवायच्या अटीवर. बाहेर पडताना त्या गृहस्थांनी यांचा हात धरून पायरी उतरवली. मी बघतच राहिले. जो विरोधात बोलला, तोच हात देत होता. कारण त्याला विचारलं गेलं होतं.

आणि तिथेच मला आमच्या बडोद्याच्या शेजारच्या मासी आठवल्या.

1998 साली आम्ही आमच्या टेनामेंटच्या बाजूचं मार्जिन बंद केलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, स्वयंपाकघर मागे सरकवून त्यांना पुढे खोली करून दिली. भिंत घेतली, चौकडीवर पत्रा टाकला. रजाचिठ्ठी नाही, विचारणं नाही. मासींच्या देवघराची खिडकी बरोबर त्या बाजूला होती. पुढे 2011 साली गुजरातेत अनधिकृत बांधकाम नियमित करायचा कायदा आला, तेव्हा इम्पॅक्ट फी भरली, कागद फाइलला लावला. वाटलं, सुटलो. मध्ये इतक्या उत्तरायणांना आम्ही मासींच्याच गच्चीवर पतंग उडवले, पण त्या खिडकीचा विषय कधी निघाला नाही.

परत आल्यावर मी मुद्दाम त्यांच्या देवघरात गेले. सकाळचे दहा वाजले होते आणि ट्यूबलाइट चालू होती. मी विचारलं, "मासी, त्या वेळी तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "बेन, तुमची सासू आजारी होती ना. त्या वखते काय बोलणार?"

म्हणजे सवलत आम्हाला मिळाली होती. ती कॉर्पोरेशनने 2011 मध्ये नाही दिली, मासींनी 1998 मध्ये दिली होती. न मागता, न बोलता. आणि आम्ही ती घेतल्याचं आमच्या गावीही नव्हतं.

आपण रोज यम-नियमांचं चिंतन करतो. अहिंसा, सत्य, अस्तेय. अस्तेय म्हणजे चोरी न करणं, एवढंच मला कळत होतं. पैसा, दागिना, वस्तू. दुसऱ्याच्या देवघरातला सकाळचा उजेडही चोरता येतो, हे पंचवीस वर्षांनी कळलं. फी भरली म्हणजे सरकारचं देणं फिटलं. उजेड सरकारचा नव्हता.

काही जण म्हणतील, तिकडची सोय वेगळी. इथे परवानगीला किती खेटे घालावे लागतात, हे तुम्हाला काय सांगायचं! ते मी मान्य करते. डोक्यावर छप्परच नाही, त्याला मार्जिन शिकवण्याचा मला अधिकारही नाही. पण ऑफिसात वेळ लागतो, हे शेजाऱ्याची कडी न वाजवण्याचं कारण होऊ शकत नाही. त्याला ना अर्ज लागतो, ना फी.

म्हणून त्या ताईंना माझं उत्तर असं. नियमातून सवलत मागणं हे पाप नाही. नियम माणसांसाठी आहेत, आणि प्रत्येक जागा कागदावरच्या चौकोनासारखी नसते. पण मागायच्या आधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. अडचण जागेची आहे की माझ्या हौसेची? माझ्या खोलीसाठी कोणाच्या घरातलं काय कमी होणार? आणि त्याच्याकडे जाऊन 'नाही' ऐकायची माझी तयारी आहे का? ही तयारी नसेल, तर ते मागणं नव्हे, नुसतं सांगणं. मागून घेतलं तर ते देणं होतं. घेऊन मागितलं, तर समोरच्याला फक्त गप्प बसणं उरतं.

आमच्याकडे काय झालं? हे आधी म्हणाले, "पावती आहे ना आपल्याकडे?" दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच मिस्त्रीला फोन केला. चौकडीवरचा पत्रा काढला आहे. भिंत अजून आहे, तिचं काय करायचं ते ठरत नाही. मासींच्या देवघरात आता सकाळी थोडा उजेड येतो. पुरेसा नाही, ट्यूब अजून लावावीच लागते.

सद्गुरूंनी अशीच बुद्धी सगळ्यांना वेळेवर द्यावी. मला उशिरा दिली.

जय गुरुदेव 🙏
— आपली एक सेवेकरी भगिनी, बडोदा