वक्त्यावाचून वाक्य

ब्रेक दाबला की पायाखाली जे घडते, त्यात आता नुसते तेल आणि लोखंड उरलेले नाही. चाकाजवळचा सेन्सर, इंजिनाचा संगणक, दारांचे, दिव्यांचे, एअरबॅगचे छोटे संगणक असे कित्येक जण एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवर सेकंदाला शेकडो वाक्ये बोलत असतात. या संभाषणाची रीत जर्मनीत घडली. बॉश कंपनीत 1983 साली तिचे काम सुरू झाले, फेब्रुवारी 1986 मध्ये डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत ती मांडली गेली आणि 1991 च्या मर्सिडीझ एस-क्लासमधून रस्त्यावर आली. कंट्रोलर एरिया नेटवर्क हे तिचे पूर्ण नाव. सगळे ‘कॅन’ म्हणतात.

कॅनचे व्याकरण मला फार सुंदर वाटते. वाक्य छोटे, मूळ कॅनमध्ये त्यातला मजकूर जास्तीत जास्त 8 बाइटचा. आरंभी एक क्रमांक असतो. वाक्य कशाविषयी आहे, इंजिनाच्या फेऱ्यांविषयी की चाकाच्या वेगाविषयी, एवढे तो सांगतो. कोण बोलले आणि कोणासाठी, हे कुठेच लिहिलेले नसते. सगळे सगळ्यांचे ऐकतात आणि ज्याला जे हवे ते तो उचलतो. दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडले तर? बोलणारा प्रत्येक जण त्याच वेळी तारही ऐकत असतो. आपण 1 म्हटले आणि तारेवर 0 उमटला, की आपल्याहून निकडीचे काही चालले आहे हे ओळखून तो तिथल्या तिथे थांबतो. लहान क्रमांकाचे वाक्य एक अक्षरही न बिघडता पुढे जाते. वरून हुकूम देणारा कोणी नसताना इतकी शिस्त राखणारी सभा माणसांत क्वचितच पाहायला मिळते.

शब्दावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी, मीमांसकांनी, त्यात धाडसी भूमिका घेतली. वाक्यात दोष शिरतो तो बोलणाऱ्याच्या अज्ञानातून किंवा लबाडीतून. वेदांना कर्ताच नाही, म्हणून दोषाला वाटच नाही. शिवाय ज्ञान मुळातच प्रमाण असते, बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरेपर्यंत, त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. न्यायदर्शनाच्या पंडितांना, नैयायिकांना, हे पटले नाही. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर, म्हणजे ज्याला गोष्ट जशी आहे तशी ठाऊक आहे आणि तशीच सांगायची आहे, त्याचा. आणि हे प्रामाण्य बाहेरून पारखावे लागते. कॅन या वादात मीमांसकांच्या बाजूला बसते. वाक्यावर वक्त्याची खूण नाही आणि बाध येईपर्यंत ते खरेच. 1986 साली यात गैर काही नव्हते. बंद बोनेटखालच्या तारेवर बोलणारे सगळे कारखान्यातच बसवलेले. अभियंत्यांचा शत्रू होता ठिणग्यांचा आणि मोटारींचा विद्युत गोंगाट, आणि त्याचा बंदोबस्त त्यांनी चोख केला.

मग गाडीला फोन, ब्लूटूथ, इंटरनेट जोडले गेले. 2010 आणि 2011 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी बाहेरचा माणूसही या तारेवर बोलू शकतो, हा धोका दाखवून दिला. 2015 च्या जुलैत तो जगाला कळला. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक यांनी घरात बसून सेंट लुईसच्या महामार्गावरच्या जीप चेरोकीचे वायपर फिरवले, रेडिओ वाजवला आणि मग तिचा वेगच काढून घेतला. तिच्या करमणुकीच्या यंत्रणेत गाडीचे संभाषण फक्त ऐकण्यासाठी ठेवलेली एक चिप होती. त्या दोघांनी तिचे सॉफ्टवेअर नव्याने लिहून तिला बोलायला लावले. नवे सॉफ्टवेअर कोणाकडून आले, हे त्या चिपने तपासलेच नाही. कंपनीला 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मला याहूनही अस्वस्थ करते ती मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये मांडलेली गोष्ट. कॅनवरचा प्रत्येक संगणक स्वतःच्या चुकांचा हिशेब ठेवतो. पाठवताना चूक झाली की खात्यात 8 जमा, वाक्य सुखरूप गेले की 1 वजा. बेरीज 255 च्या पुढे गेली की तो स्वतःला सदोष मानून तारेवरून बाजूला होतो, बिघडलेल्या एकाने साऱ्यांचा खोळंबा करू नये म्हणून. हल्लेखोर याच सद्गुणाला हात घालतो. तो नेमक्या त्याच क्षणी त्याच क्रमांकाचे वाक्य बोलतो आणि समोरच्याच्या 1 वर आपला 0 चढवतो. निरोगी संगणकाला दिसते ते एवढेच, की आपण म्हटले एक आणि उमटले भलतेच. दोष आपलाच, असे तो धरतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा चुकतो, आणि अखेर नियमाप्रमाणे मौन पत्करतो. त्याची जागा हल्लेखोराला मोकळी. प्रामाणिक आत्मपरीक्षण हे प्रामाणिकांच्याच सभेत चालते, हे इतक्या निष्ठुरपणे सिद्ध झालेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

चोरांना एवढे बारकावे लागत नाहीत. 2022 मध्ये लंडनमध्ये एक टोयोटा रॅव्ह-4 चोरीला गेली. हेडलाइटमागच्या तारांना एक छोटे उपकरण जोडायचे आणि ‘खरी किल्ली सापडली’ असे वाक्य तारेवर सोडायचे, ही ती युक्ती. तसे उपकरण ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकले जात होते. दाराच्या संगणकाने ते वाक्य ऐकले आणि मानले.

आता उद्योग न्यायमताकडे वळतो आहे. वाक्यासोबत गुप्त किल्लीने घडवलेली मुद्रा आणि जुने वाक्य पुन्हा वाजवता येऊ नये म्हणून चढता आकडा जोडायचा. 8 बाइटांत जागा अपुरी, म्हणून मुद्रा छाटून बसवायची. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांच्या सायबर सुरक्षेविषयीचा नियम क्रमांक 155 जुलै 2024 पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या गाडीला लागू झाला आणि त्यापायी पोर्शला पेट्रोलवरची ‘मकान’ ही गाडी तिथल्या बाजारातून काढावी लागली. हे वळण योग्यच आहे. पण नैयायिकांना चुकवता न आलेला प्रश्न इथेही उभा राहतो: आप्त कोण, हे ठरवणार कोण? गाडीत आज तो अधिकार निर्मात्याकडे जातो. किल्ली त्याच्यापाशी, म्हणजे नाक्यावरच्या गॅरेजात स्कॅनर लावून बिघाड शोधणारा माणूस यंत्राच्या लेखी चोराइतकाच परका. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी गाडीची माहिती मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला खुली करण्याच्या बाजूने कौल दिला. निर्माते न्यायालयात गेले. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने हॅकिंगची भीती दाखवून तो कायदा पाळू नका असे कळवले आणि ऑगस्टमध्ये भूमिका बदलून जवळच्या अंतरावरून माहिती देण्याचा मार्ग मान्य केला. भीती खोटी नव्हती आणि मालकाचा हक्कही खोटा नव्हता. म्हणून मुद्रांचे नियम लिहिणाऱ्यांनी त्याच कागदावर आणखी एक कलम लिहावे असे मला वाटते: पंधरा वर्षांच्या गाडीत सुटा भाग बसवताना किल्ली कोणी द्यायची, किती दिवसांत आणि काय दराने.