सही कुणाची, संस्था कुणाची?

खानदेशाला संस्था उभारण्याची जुनी सवय आहे. धुळ्यात १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. तेव्हापासून व्यापारी, वकील, डॉक्टर, गुरुजी एकत्र यायचे, वर्गणी काढायची आणि घटना लिहून नोंदणी करायची, ही रीत पडत गेली. धुळे-जळगावकडच्या दिव्यांगांच्या शाळा आणि वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थाही बऱ्याचशा याच रीतीने उभ्या राहिल्या. मंडळावरच्या माणसांनी पदरमोड केली, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, हे मान्यच करायला हवे. तरीही ज्यांच्या नावावर संस्था चालते, ते दिव्यांग मंडळात क्वचितच दिसतात.

अशा मंडळाची एखादी बैठक पाहावी. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, अनुदानाचा पाठपुरावा, ऐनवेळचे विषय. लग्नसराई असली की कोरम भरत नाही. मग शिपाई नोंदवही बगलेत मारून पेढी, दवाखाना, कोर्ट असा फिरतो. ‘कुठे सही करू?’ एवढेच विचारले जाते. त्या वहीत खोलीला रंग देण्याचा ठराव असतो. पण संस्थेचे कार्यालय जिना चढून जायच्या मजल्यावर का, हे विचारणारा कुणी नसतो. कुबड्या घेऊन येणारा एक जरी सदस्य असता, तरी बैठक सुरू होण्याआधीच हा विषय निघाला असता.

कायदाही इथे फारशी मदत करत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत कळवावे लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात, संस्थेची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पैसा आणि मालमत्ता यांवर त्याची नजर आहे. दिव्यांगांच्या संस्थेवर दिव्यांग विश्वस्त असावा, अशी अट त्यात नाही. केंद्राने मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात न्यासाच्या मंडळावर स्वयंसेवी संस्थांबरोबर पालकांच्या आणि दिव्यांगांच्या संघटनांनाही जागा दिल्या. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा करारही दिव्यांगांविषयीच्या निर्णयांत त्यांना सहभागी करून घ्या, असेच सांगतो.

दिव्यांगांना मंडळावर घेतले तर ‘देणग्या कोण आणणार?’ हा आक्षेप खरा आहे. देणगीदाराचा सत्कार करा, इमारतीला नाव द्या, त्याला सल्लागार करा. पण देणगी दिली म्हणून मताचा अधिकार आपोआप मिळू नये. दुसरा आक्षेप योग्य माणसे मिळत नाहीत, असा. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग तरुण राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. जो सरकारी कचेरी चालवू शकतो, त्याला संस्थेचा ताळेबंद का वाचता येऊ नये? कोल्हापुरात चाकाच्या खुर्चीवरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करून नेतृत्व केले. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांच्या संस्थेत त्यांचे पालक बसू शकतात. शक्य तिथे त्या मुलांचेही म्हणणे ऐकता येते.

अर्थात, एकाच दिव्यांगाला फोटोपुरते बसवले तर काही बदलणार नाही. तोही मान डोलावणाराच होईल. किमान दोघे-तिघे हवेत. अंध सदस्याला बैठकीआधी वाचता येईल अशी फाइल मिळावी, कर्णबधिराला दुभाषा मिळावा. त्यांना सवलत मात्र नको. हिशेबाची जबाबदारी त्यांच्यावर इतरांइतकीच असावी.

येत्या सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्तीचा एक ठराव ठेवा: मंडळाच्या किमान एक तृतीयांश जागा दिव्यांगांना आणि पालकांना. सूचक अध्यक्षांनी व्हावे, आणि पहिली जागा त्यांनी स्वतःचीच रिकामी करावी.