वडाखालची मोकळी माती



आपला बीड जिल्हा अवर्षणाचा. वैशाखात परळीस वैजनाथाचे दर्शन घेऊन अंबाजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूला वाटेत एखादा जुना वड दिसला, की त्याची पावले आपोआप सावलीकडे वळतात. मोठ्या वृक्षाची ही ओढ आजची नव्हे. सहली आणि विश्रामगृहे यांचा काळ येण्यापूर्वीही केवळ एक झाड पाहण्यासाठी लोक दूरवरून येत असत.

भडोचजवळ नर्मदेच्या पात्रातील बेटावर कबीरवड आहे. संत कबीरांनी दात घासून टाकलेल्या काडीतून तो उगवला, अशी लोकांची श्रद्धा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जेम्स फोर्ब्स यांनी अठराव्या शतकात तो पाहिला आणि १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. महापुरांनी बराच भाग वाहून नेल्यानंतरही त्याच्या मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे २००० फूट होता. इंग्रज मंडळी शिकारीच्या निमित्ताने तेथे तंबू ठोकून कित्येक आठवडे राहत. त्याच छायेत ठरलेल्या पर्वकाळी जत्राही भरत असे.

आपल्या महाराष्ट्रातही असा वड आहे. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात म्हसवे गावचा वटवृक्ष ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८८२ साली मोजला, तेव्हा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम रुंदी ४४२ फूट भरली. त्या गावाला आजही ‘वडाचे म्हसवे’ म्हणतात.

वडापाशी कोणी तंबू घेऊन आला, कोणी मोजपट्टी, तर कोणी पूजेचे सूत. प्रत्येकाच्या मनात कौतुक वा आदरच होता. परंतु आदराने येणाऱ्यांच्या हातूनही आदरणीयाला इजा होऊ शकते. मग केवळ भाव शुद्ध असणे पुरेसे आहे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात नव्हे, कार्यालयात भेटला. काही वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ आवारातील वडाला पार बांधून देण्याची इच्छा व्यक्त केली. देणगीची पावती मीच लिहिली. थेट खोडापर्यंत सिमेंट आले, वर गुळगुळीत फरशी बसली, नावाची पाटी लागली. सर्वांनी कौतुक केले. पुढे दोन-तीन उन्हाळ्यांत एका बाजूची पालवी विरळ झाली, शेंड्याकडील फांद्या वाळू लागल्या. जाणकारांनी पाहून सांगितले, “झाडाचा श्वास कोंडला आहे.”

वृक्षाच्या मुळांनाही हवा लागते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात असतात. तो थर सिमेंटने झाकला, की पाणी मुरत नाही आणि हवा खेळत नाही. वडाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्याच्या पारंब्या जमिनीत रुजल्या तरच त्यांचे खांब होतात. फरशीवर टेकलेली पारंबी तशीच सुकते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील विख्यात वडाचे मूळ खोड १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांनी जखमी झाले, पुढे बुरशीने पोखरले आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तरीही तो वृक्ष आज पारंब्यांच्या खांबांवर उभा आहे. पारंब्यांना खाली माती मिळाली होती, म्हणूनच हे घडले.

आपण म्हणतो, देव भावाचा भुकेला. ते खरेच आहे. देवाला आपल्याकडून काही हवे नसते, म्हणून त्याला भाव पुरतो. वृक्ष मात्र देहधारी आहे. त्याला तहान लागते, जखम होते. तापाने फणफणलेल्या लेकराला पुरणपोळी भरवणाऱ्या आईची माया खरीच असते, पण तिने वैद्याचेही ऐकावे लागते. देहधाऱ्याची सेवा करायची, तर भावाला जाणतेपणाची जोड हवी. तशी ती नसेल, तर सेवेचे समाधान आपल्याला मिळते आणि तिची किंमत दुसरा मोजतो.

पार नसावाच, असा याचा अर्थ नव्हे. थकल्याभागल्या जिवाला टेकायला जागा हवीच. पूर्वीचे कित्येक पार दगडमातीचे असत. सांध्यांतून पाणी झिरपे आणि मधली माती मोकळी राही.

बीडजवळ पालवन येथील सह्याद्री देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद वटवृक्षाला दिले होते. ते वाचून मला आमचा वड आठवला. असा अध्यक्ष भाषण करणार नाही. त्याला काय हवे, ते आपणच ओळखायचे.

आम्ही त्या सद्गृहस्थांना भीतभीतच सारे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “वडिलांचे नाव भिंतीवर चालेल. झाड जगू द्या.” सिमेंट फोडले, शेणखत घातले. वाळलेल्या फांद्या परत आल्या नाहीत, मात्र उरलेल्या भागाला पालवी धरली आहे.

म्हणून नम्र विनंती आहे. खोडाला खिळे ठोकू नयेत, मुळांवर तेल ओतू नये, बुंध्याशी दिवे वा कापूर लावू नये. वटपौर्णिमेस तोडलेली फांदी विकत घेऊन पुजण्यापेक्षा उभ्या वडाला पाणी घालावे. आणि देणगी देताना एकदा विचारावे, “येथे खरोखर कशाची गरज आहे?” कधी कधी उत्तर येईल, की थोडी माती मोकळी राहू द्या.

— सचिव, संस्थान कार्यालय