संघ कशाने टिकतो?

गौतम बुद्धांनी आपल्यामागे संघाचा प्रमुख नेमला नाही. धम्म आणि विनय हेच पुढे शास्ता होतील, एवढेच त्यांनी परिनिर्वाणापूर्वी आपला शिष्य आनंद याला सांगितले. मगधाचा मंत्री वस्सकार याला हे उमगेना. ‘गोपकमोग्गल्लान सुत्ता’त तो आनंदाला विचारतो, की नेमलेला प्रमुख नसताना भिक्खूंमध्ये एकोपा राहतो कसा? एका गावाच्या आश्रयाने राहणारे भिक्खू दर उपोसथाला, म्हणजे पंधरवड्याच्या व्रतदिनी, एकत्र जमतात, पातिमोक्ख, म्हणजे नियमांचा पाठ, म्हटले जाते आणि कोणी चुकला असेल तर त्याचा निर्णय धम्माप्रमाणे होतो, असे आनंदाचे उत्तर आहे. ध्येय एकदा जाहीर करून भागत नाही, ते दर पंधरवड्याला सर्वांनी मिळून ऐकावे लागते, ही त्यामागची जाण होती. थेरवाद परंपरेतील भिक्खूंचे 227 नियम आजही असेच म्हटले जातात.

नियम पाठ असले म्हणजे मने जुळतातच असे नाही. कोसंबीच्या विहारात एका किरकोळ आपत्तीवरून, म्हणजे नियमभंगावरून, भिक्खूंचे दोन तट पडले. अट्ठकथेनुसार, म्हणजे पाली भाष्यानुसार, शौचकूपात भांड्यात पाणी तसेच ठेवले गेले, एवढेच निमित्त होते. एका बाजूला विनयाचे जाणकार, दुसऱ्या बाजूला सुत्तांचे. बुद्धांनी समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा बुद्धच कोसंबी सोडून निघून गेले. ‘कोसंबिय सुत्ता’त या भिक्खूंना सहा गोष्टी सांगितल्या आहेत: कृती, वाणी आणि मन यांतील मैत्री, मिळाले ते वाटून घेणे, समान शील आणि समान सम्यक दृष्टी. घराचे सगळे वासे जसे शिखराला येऊन मिळतात, तशा पहिल्या पाच गोष्टी दृष्टीपाशी येऊन मिळतात, असे तिथे म्हटले आहे.

दृष्टी समान आहे की नाही हे ओळखायचे कशावरून? इथे विनयग्रंथ आणि सुत्ते एकत्र वाचली, तर फार मोलाचे काही हाती लागते. कोसंबी सोडल्यावर बुद्ध अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल यांच्याकडे गेले. हे तिघे एका वनात राहत. भिक्षेहून आधी परतणारा आसने मांडी, पाणी ठेवी. शेवटी येणारा आवराआवर करी. रिकामे भांडे ज्याला दिसे तो भरी. एकट्याला जमले नाही तर खुणेने दुसऱ्याला बोलावी. बुद्धांनी या सहवासाची प्रशंसा केली. विनयग्रंथांतील ‘महावग्गा’त कोसल देशातील काही भिक्खूंची हकिगत आहे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामात, भांडण होऊ नये म्हणून त्यांनी एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. आसने, पाणी, भांडी, खुणा, कामाची वाटणी अगदी तीच. वर्षावास सुखात गेला असे त्यांनी सांगितले, तेव्हा बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली: हे पशूंसारखे राहणे झाले. अनुरुद्ध आणि त्याचे सोबती दर पाचव्या रात्री धम्मचर्चेला बसत. कोसलचे भिक्खू तोंडच उघडत नव्हते. कामे सुरळीत चालणे आणि एकोपा असणे यांत अंतर आहे, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे दाखवले गेले असेल.

त्याच प्रसंगी पवारणेचा विधी घालून देण्यात आला. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करतो: माझा दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणेने सांगावे, पटल्यास मी तो सुधारेन. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खू करतो. 

एवढे करूनही मतभेद टळले नाहीत. परंपरेनुसार परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीत दहा आचारांवरून वाद झाला. सोन्याचांदीचे दान घ्यावे का, हा त्यांतील एक मुद्दा. तो वाद सभा भरवून, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसवून सोडवण्यात आला.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू संघांच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला: ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला ठाऊक होते. आजच्या संस्थांनी यांतले बरेच स्वीकारले आहे. पवारणा मात्र राहून गेली. संस्थेच्या प्रमुखाने वर्षातून एकदा सहकाऱ्यांपुढे बसून आपले दोष विचारावेत आणि ते सांगणाऱ्याला अभय द्यावे, हा नियम कोणत्याही संस्थेला आजही करता येईल, आणि तो करायला हवा.