पटावर ठरणारे छप्पर

नगर तालुक्यातल्या निंबोडीत ऑगस्ट २०१७मध्ये भर पावसात जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले आणि तीन मुले गेली. जुलै २०२५मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेत सात. अशा प्रत्येक वेळी इमारतींच्या तपासणीचे आदेश निघतात.

तपासणीनंतर काय होते, ते खेड्यातल्या मुख्याध्यापकांना विचारावे. अभियंता येतो, भिंतीची भेग बघतो, खोली धोकादायक ठरते. निर्लेखनाचा, म्हणजे खोली बाद ठरवण्याचा, प्रस्ताव पंचायत समितीतून वर जातो. मंजुरी आली की खोली पाडता येते, पण नवी खोली त्या मंजुरीत नसते. तिच्यासाठी वेगळा प्रस्ताव, जिल्हा नियोजनच्या निधीत वेगळी रांग. तोवर पहिली ते चौथी एकाच खोलीत, नाहीतर मारुतीच्या देवळात. ज्या गावाचा शब्द वर चालतो, त्याचा नंबर आधी लागतो.

समग्र शिक्षा योजनेचे वार्षिक शाळा अनुदान पटावर ठरते: तीसपर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळे त्यातच. पाऊस मात्र पट बघून पडत नाही. पाड्यावरच्या वीस मुलांच्या डोक्यावरचा पत्राही तितकाच गळतो.

उरलेले लोकसहभागातून करा, असे सांगितले जाते. गावाने शाळेसाठी घाम गाळावा, याचे मोल मोठेच आहे. पण दिवाळी झाली की निम्मी घरे ऊसतोडीला निघतात, तिथे वर्गणीची पावती कुणाच्या दारात न्यायची? दुसरीकडे, ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला ५१ लाखांचे बक्षीस ठेवले गेले. त्या शिक्षकांचे कष्ट खरे आहेत, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. तरी छत गळणारी शाळा या स्पर्धेत उतरणार कशी? ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर राहतो, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो.

शिक्षणहक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली देण्याचे वचन दिले. त्याची तीन वर्षांची मुदत मार्च २०१३मध्येच संपली. आता निर्लेखनाच्या आदेशातच नव्या खोलीची मंजुरी आणि रक्कम असावी. धोकादायक खोल्यांची यादी, धोक्याच्या क्रमाने, प्रत्येक पंचायत समितीच्या फलकावर लागावी. निधी त्याच क्रमाने सुटावा, आणि एखादे नाव मागून पुढे आले तर का आले, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या कोणत्याही आईला विचारता यावे.