अनुभवाचा दाखला

सकाळी शाळेकडे निघालेल्या बाई दिसल्या की मनात येतं, उद्या यांना इंग्लंडात किंवा दुबईत शिकवायचं झालं, तर यांना शिकवता येतं हे तिथल्या लोकांना कोण सांगणार? आपल्या गोंडपिपरीत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तशी संधी आता आहे. गणित, विज्ञान किंवा भाषा हे विषय 11 ते 16 वर्षांच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असलेल्या भारतीय शिक्षकांना फेब्रुवारी 2023 पासून इंग्लंडमधल्या अधिकृत शिक्षकाच्या दर्जासाठी अर्ज करता येतो. पण गाडी अडते ती कागदांवर. आपल्याकडची महाविद्यालयं 2011 पर्यंत नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती, मग गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. त्यामुळे कित्येकांची बी.एस्सी. नागपूरची आणि बी.एड. गोंडवानाची. ट्रान्सक्रिप्टसाठी दोन्ही दारं. बी.एड. 2015 च्या आधीचं असेल तर एका वर्षाचं, नंतरचं असेल तर दोन वर्षांचं. हा फरकही परक्या देशात समजावून सांगावा लागतो. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी एक प्रतिज्ञापत्र.

मग शिक्के. राज्य शासनाची पडताळणी, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. भारतात ही पद्धत 2005 पासून लागू आहे. दुबईला तोही चालत नाही, कारण अमिरात अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही. तिथे अमिरातीच्या दूतावासाची मोहोर लागते. हे सगळं करायलाच हवं, आणि नोकरी हातात यायची वाट न बघता आधीच करून ठेवावं. पण अपोस्टिल फक्त एवढंच सांगतो की सही आणि शिक्का खरा आहे. माणूस कसा शिकवतो, याबद्दल तो काही बोलत नाही.

गोव्यातल्या साखवाळचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांच्याकडे कुठल्याच विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी 1910 मध्ये प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले, आणि पुढे लेनिनग्राडला पाली शिकवायलाही. त्यांची विद्या जाणणारं कुणीतरी होतं म्हणून हे घडलं. आज असं कुणी बोलावणार नाही. पण जाणणाऱ्या माणसाने लिहून देणं आजही आपल्या हातात आहे.

आपल्या भागात पहिलीतलं एक मूल घरी गोंडी बोलतं, दुसरं तेलुगू, आणि हातातलं पुस्तक मराठी. बाई त्यांना वाचायला शिकवतात. लंडनच्या वर्गांतही घरी इंग्रजी न बोलणारी मुलं खूप असतात. तिथे हेच कसब लागतं, आणि आपल्या गुणपत्रिकेत त्याला रकानाच नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे. अनुभवाचा दाखला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सेवेत होत्या, एवढ्या दोन ओळींत संपवू नका. कोणते वर्ग, कोणते विषय, आठवड्याला किती तासिका, मुलांच्या घरच्या भाषा कोणत्या आणि त्यांना वाचतं करायला बाईंनी काय केलं, हे नीट पानभर लिहा. खाली सही, शिक्का आणि शाळेचा चालू फोन नंबर द्या. तिकडून कुणी खात्री करायला फोन केलाच, तर तो उचला आणि बाईंबद्दल मोकळेपणाने बोला.