कापसाच्या मुलखातील ध्यान

यवतमाळ जिल्ह्यातील शेती मुख्यतः कोरडवाहू असून तिचे प्रमुख नगदी पीक कापूस आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शेतकऱ्याच्या मनाला वर्षभर विसावा का मिळत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. जूनमध्ये पेरणी साधली तरी मध्येच पावसाने दडी मारल्यास दुबार पेरणीचे संकट उभे राहते, बोंडे धरू लागली की गुलाबी बोंडअळीची धास्ती असते आणि वेचणी होऊन कापूस घरात आला तरी त्याला भाव काय मिळेल हे पिकवणाऱ्याच्या हाती नसते. ज्या प्रश्नावर आज करण्याजोगे काहीच नाही तोच प्रश्न मन रात्रंदिवस उगाळत राहते, आणि विचारांचे हे चर्वण, म्हणजे निर्णयापर्यंत न पोहोचता एकाच विचाराभोवती घिरट्या घालणे, नैराश्य वाढवते व लांबवते असे मानसशास्त्र मानते. मन भरकटणे हा अर्थातच केवळ शेतकऱ्याचा भोग नाही. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसे जागेपणीचा जवळपास निम्मा वेळ समोरचे काम सोडून भलत्याच विचारांत असतात आणि तेव्हा ती कमी समाधानी असतात, असे आढळले.

मन शांत करणे म्हणजे विचार बंद पाडणे, हा समज ध्यानाच्या वाटेवरील सर्वांत मोठा अडसर आहे, कारण तो घेऊन बसलेला माणूस चार दिवसांत हताश होऊन उठतो. आनापान ही बौद्ध परंपरेतील साधना या समजाला फारशी जागाच ठेवत नाही. तिच्यात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाकडे, तो बदलण्याचा खटाटोप न करता, केवळ लक्ष ठेवायचे असते. लक्ष सुटते, मन उधारीवर किंवा मुलीच्या लग्नावर जाऊन पोहोचते, ते गेल्याचे ध्यानात येते आणि त्याला रागे न भरता पुन्हा श्वासावर आणले जाते. मन निसटले म्हणजे साधना फसली असे नव्हे. निसटलेले मन ओळखून परत आणणे हीच साधना होय. पतंजलींनी चित्ताच्या स्थैर्यासाठी वैराग्याच्या जोडीला अभ्यास, म्हणजे दीर्घकाळ खंड न पाडता केलेला यत्न, आवश्यक मानला तो याच अर्थाने. शरीराचीही यात साथ असते: श्वास संथ होऊन उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयापर्यंत व पोटापर्यंत पोहोचणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, हृदयाची गती मंदावते आणि सदैव सावध राहिलेले शरीर थोडे सैल पडते.

ध्यानसाधना वऱ्हाडाला परकी नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि पहाटेचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा गुरुदेव सेवा मंडळाच्या दिनक्रमाचा कणा ठरवला. ध्यान म्हणजे एकांत, गुहा आणि गृहत्याग ही कल्पना बाजूला सारून त्यांनी ते गावाच्या मध्यभागी आणून बसवले, यात त्यांची मोठी दृष्टी दिसते. एकटा माणूस कंटाळून उठला असता अशा वेळी शेजारी बसलेल्यांची स्वस्थता त्याला बसवून ठेवते. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीत जमलेला प्रचंड समुदाय एकाच क्षणी मौन धारण करतो. या मौनाचा दैववादाशी काही संबंध नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि श्रमदान यांच्याशी जोडलेली त्यांची शिकवण प्रारब्धाला दोष देत स्वस्थ बसणाऱ्याची बाजू कधीच घेत नाही.

दुसरी वाट १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील गावोगावच्या विहारांतून रुजली. म्यानमारमधील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले आणि दहा दिवसांच्या मौन शिबिरांतून आनापान व त्यापुढील विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदनांचे समतोल मनाने केलेले निरीक्षण, हजारोंपर्यंत पोहोचली. पुढे राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापान शाळांतही नेले.

तरीही एक प्रश्न टाळता येत नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत ध्यानयोगाचे विवेचन करताना चित्ताच्या एकाग्रतेला जीवनाच्या परिमिततेची आणि समदृष्टीची जोड दिली. ज्याच्या आहार-विहाराला, झोपेला आणि कामाला माप आहे त्याचेच चित्त ठरते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र यवतमाळच्या शेतकऱ्याच्या जीवनाचे माप त्याच्याकडून पाऊस, बाजार आणि सावकार यांनी हिरावून घेतले आहे. शेतकरी आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले तेथे कर्जाचे, सिंचनाचे आणि भावाचे प्रश्न तसेच ठेवून ध्यान शिकवणे हे दुःखाची जबाबदारी दुःखिताच्याच मनावर ढकलणे ठरेल. ध्यानाचे खरे काम याहून लहान आणि निश्चित आहे: विचार उठणे आणि त्यानुसार हात चालणे यांच्यामध्ये ते थोडा अवकाश निर्माण करते, आणि निराशेच्या रात्री तेवढा अवकाशही मोलाचा असतो. गंभीर नैराश्यात मात्र एकट्याने डोळे मिटून बसण्याने विचारांची भोवंड वाढूही शकते. तेथे डॉक्टर, समुपदेशक किंवा १४४१६ या टेलिमानस सेवेचा आधार प्रथम घेणे आवश्यक आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणे सुरू केल्यावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मन मोकळे करायला माणूस मिळाला की गाव बोलू लागते, हे यातून स्पष्ट होते.

या सगळ्या विचारात शेतकरी स्त्री बहुधा राहून जाते. पहाटेच्या ध्यानाची वेळ तिच्या चुलीची आणि पाण्याची असते, सायंकाळची प्रार्थना तिच्या स्वयंपाकाच्या वेळी होते आणि मधला दिवस निंदणात किंवा वेचणीत जातो. पती गेल्यावर कर्ज, शेत आणि मुले यांचा भारही तिच्यावरच येतो. ज्या मंडळांना आणि विहारांना ध्यान खरोखर गावाचे करायचे आहे त्यांनी बैठकीची वेळ तिला विचारून ठरवावी, आणि त्या अर्ध्या तासात घरातली चूल कोण सांभाळणार याचा निर्णय पुरुषांसमोर त्याच बैठकीत घ्यावा.